यंदाचं पीक

"मावशी, यंदा पीक लवकर आहे हं. येत्या शनिवारीच निघायला हवं."

बॉस्टनला येऊन मला दोनच दिवस झाले होते, झोपेचं गणित अजून बसलं नव्हतं, आणि भाच्याचं हे बोलणं ऐकून मी चक्रावले. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या या मुलाला पिकापाण्याची काळजी कधीपासून लागली? मग उलगडा झाला. झाडांची पानं रंगून ऐन भरात येतात त्या पाच-सात दिवसांना अमेरिकेत 'पीक' म्हणतात, म्हणजे शिखर. सप्टेंबर उजाडला की तिथल्या मराठी घरांतूनही हा शब्द ऐकू येऊ लागतो. पीक कुठवर आलंय, हॉटेलं मिळतायत का, मागच्या वर्षी आपण गेलो तेव्हा पीक होऊन गेलं होतं. कुठल्या भागात किती रंग चढलाय याचे नकाशे रोज निघतात आणि लोक ते कांद्याच्या भावासारखे बघतात.

दोन दिवस न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, रस्त्यांवरून फिरून आले आणि वाटलं, माझ्या कानांनी लावलेला अर्थ फारसा चुकला नव्हता.

आधी ऋतूच्या नावाचा घोळ मिटवू. शाळेत आपण 'ऑटम म्हणजे शरद' असं पाठ केलं. महिने जुळतात, ऋतू जुळत नाही. आपला शरद म्हणजे पाऊस उघडल्यावरचं निरभ्र आकाश, नवरात्र, झेंडूचे ढीग, कोजागरीचं दूध. सह्याद्रीतलं रान तेव्हा हिरवंगार असतं. पानगळ आपल्याकडे शिशिरात, आणि तिचं कारण पाणी. पाऊस जाऊन चार महिने झाले, जमिनीतली ओल आटली, की साग आणि पळस पानं टाकतात. न्यू इंग्लंडमध्ये पाऊस किंवा बर्फ बाराही महिने थोडंथोडं पडतच असतं. झाडाची अडचण गारठ्याची असते. जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि पाण्यानं भरलेलं रुंद, पातळ पान कडाक्याच्या थंडीत टिकत नाही. तेव्हा हिवाळा यायच्या आत पानं आवरून टाकायची. आपल्याकडे तहान, तिकडे गारठा. उपाय एकच.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. बेत साधा होता. पहिल्या दिवशी उत्तरेला न्यू हॅम्पशरमधल्या लिंकन गावापर्यंत जायचं, तिथून कँकामॉगस रस्त्यानं डोंगर ओलांडून कॉनवेला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला व्हरमाँट, आणि रात्री घरी. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार तिकडे सुट्टीचा असतो आणि त्या तीन दिवसांत अख्खं बॉस्टन डोंगरात असतं, म्हणून भाच्यानं मुद्दाम त्याआधीचा शनिवार धरला होता.

रंगाची लाट उत्तरेकडून दक्षिणेला आणि माथ्याकडून पायथ्याला सरकते. त्यामुळे उत्तरेला जाणारी गाडी तीन तासांत दोन-तीन आठवडे पुढे जाते. बॉस्टनच्या आसपास सगळं हिरवं होतं. मध्येच एखाद्या पाणथळीच्या कडेला एकच झाड लालभडक. तो रेड मेपल. पाय पाण्यात असलेले मेपल बाकीच्यांच्या आधी रंगतात. पुढे रस्ता मँचेस्टर शहरातून जातो. या शहरातल्या, मेरिमॅक नदीकाठच्या अमोस्केग गिरण्या एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या कापड गिरण्यांत गणल्या जात. ही नदी आणि या गिरण्या लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. मग डोंगर सुरू झाले, हिरव्यात पिवळं मिसळू लागलं, आणि लिंकनला पोचेपर्यंत हिरवं शोधावं लागत होतं.

कँकामॉगस हे नाव उच्चारताना पाहुण्यांची जीभ हमखास अडखळते, म्हणून स्थानिक लोक नुसतं 'कँक' म्हणतात. कँकामॉगस हा पेनाकुक जमातींच्या संघाचा शेवटचा प्रमुख. त्याचे आजोबा पासाकॉनवे यांनी इंग्रज वसाहतवाल्यांशी सलोखा ठेवला. नातवाच्या काळापर्यंत सलोख्यात काही उरलं नव्हतं. 1689 मध्ये त्यानं डोव्हरच्या वसाहतीवर हल्ला केला आणि पुढे उरलेल्या माणसांना घेऊन तो उत्तरेला निघून गेला. ज्यांना हुसकावलं त्यांचंच नाव रस्त्याला द्यायची रीत जगभर आहे. रस्ता 1959 मध्ये जोडला गेला आणि 1964 मध्ये त्यावर डांबर पडलं. लांबी सुमारे 55 किलोमीटर. खिंडीची उंची 870 मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बरीच ठेंगणी. या 55 किलोमीटरांत पेट्रोलपंप नाही, हॉटेल नाही, दुकान नाही. वळण आलं की समोरचा अख्खा डोंगर पेटल्यासारखा दिसतो, गाडीतले सगळे 'अरे बापरे' म्हणतात, आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तासाभरानं 'अरे बापरे' थकतं आणि माणूस नीट बघायला लागतो.

एका थांब्यावर पायाशी शुगर मेपलचं पान पडलं होतं. सगळं लाल, पण मधोमध दुसऱ्या एका पानाच्या आकाराचा स्वच्छ पिवळा ठसा, छापा मारल्यासारखा. पिवळा कुठून येतो, लाल कुठून, हे त्या एका पानावर लिहिलेलं होतं.

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. हे द्रव्य उन्हात सतत मोडतं आणि झाड ते सतत नव्यानं घडवतं. उन्हाळा सरता सरता दिवस लहान होऊ लागले की झाड घडवणं थांबवतं आणि उलट्या कामाला लागतं. पानातलं नत्र आणि स्फुरद ही महागाची चीज. ती गळणाऱ्या पानाबरोबर जाऊ द्यायची नसते. म्हणून पानातली प्रथिनं मोडून त्यांतलं साधारण निम्मं, कधी त्याहून जास्त नत्र फांदीत परत ओढलं जातं. भाड्याची जागा सोडताना आपण लावलेले पंखे, नळ, पडद्यांचे दांडे काढून नेतो, तसलाच हा प्रकार. त्याच वेळी देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. मागची जखम बुचासारख्या पेशींनी आधीच बंद केलेली असते, आणि मग एक दिवस वाऱ्याची झुळूकही पुरते. पान 'गळतं' हे आपल्या भाषेचं म्हणणं. झाडाच्या बाजूनं पाहिलं तर ते पान हिशेब करून खाली ठेवतं.

हिरवं उतरलं की खाली असलेलं पिवळं दिसू लागतं. ही कॅरोटिनॉइड वर्गातली द्रव्यं उन्हाळाभर पानात असतातच, हिरव्याखाली झाकलेली. त्यांतलं ल्युटीन आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. झेंडूच्या पाकळ्यांत तेच असतं. कोंबडीच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालतात तो अंड्याचा बलक पिवळाधमक व्हावा म्हणूनच. आपण दसऱ्याला ज्या रंगाची तोरणं बांधतो तोच रंग त्याच दिवसांत तिकडच्या बर्चच्या रानावर चढतो. आपली फुलं आणि त्यांची पानं एकाच डब्यातून रंगलेली.

लालाची गोष्ट वेगळी. लाल आधीपासून नसतो. तो अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा, म्हणजे कोकमाचा आणि जांभळाचा रंग, आणि झाड तो शेवटच्या आठवड्यांत मुद्दाम नवा तयार करतं. त्याला दोन गोष्टी लागतात, साखर आणि ऊन. देठातल्या नळ्या बंद होत आल्या की पानात साखर अडकते. वरून लख्ख ऊन मिळालं की लाल रंग तयार होतो. माझ्या हातातल्या पानावर दुसरं पान आडवं आलं होतं. जिथे त्याची सावली पडली तिथे लाल बनला नाही, पिवळं तेवढं राहिलं. एकाच मेपलचा शेंडा लाल आणि आतल्या फांद्या पिवळ्या दिसतात त्याचं कारणही हेच. स्वच्छ, कोरडे दिवस आणि थंड पण गोठवणाऱ्या नव्हेत अशा रात्री हे हवामान लालाला मानवतं. ढगाळ, उबदार शरद असला तर पिवळा जवळजवळ तसाच राहतो, लाल मात्र फिका पडतो. म्हणून 'मागच्या वर्षी मजा नव्हती' अशी तक्रार ऐकली की ती बहुतेक लालाबद्दलची असते.

प्रश्न असा, की जागा सोडून निघालेल्या भाडेकरूनं भिंतींना रंग का द्यावा? पान आठवड्यात गळणार, मग त्यावर साखर खर्चायची कशाला? यावर वनस्पतिशास्त्रात अजून वाद चालू आहे. एक मत असं, की हा लाल म्हणजे छत्री. हरितद्रव्याची यंत्रणा मोडत असताना तिच्यावर ऊन पडलं तर पेशींना इजा होते. लाल रंग ते ऊन अडवतो आणि नत्र परत ओढण्याचं काम निर्धास्त होऊ देतो. दुसरं मत विल्यम हॅमिल्टन आणि सॅम ब्राउन यांनी 2001 मध्ये मांडलं. शरदात मावा झाडांवर अंडी घालायला येतो. भडक रंग ही त्याला दिलेली ताकीद आहे, की हे झाड धडधाकट आहे, इथे तुझ्या पिल्लांचं भलं होणार नाही. माझा कल छत्रीकडे आहे, आणि त्याचं कारण घरचं आहे. आपल्या कुसुंबाला फाल्गुनात जी कोवळी पालवी फुटते ती रक्तासारखी लाल असते, पिंपळाची तांबूस. तीही अँथोसायनिनचीच. पानाची यंत्रणा उभी राहताना आणि मोडताना, म्हणजे ती सर्वांत नाजूक असताना, लाल रंग दिसतो हा नुसता योगायोग मला तरी वाटत नाही. कीटकवाले यावरही उत्तर देतात, की कोवळ्या पानालाच किडीपासून जपायला हवं. असो.

या वादाचं एक गमतीचं शेपूट आहे. युरोपातला शरद बराचसा पिवळा, आणि उत्तर अमेरिका व पूर्व आशियातला लाल. जपानी लोक मोमिजी बघायला जातात तो असाच लाल मेपल. सिम्हा लेव-यादुन आणि यार्मो होलोपाइनेन या दोघांनी 2009 मध्ये याचं उत्तर डोंगरांच्या दिशेत शोधलं. अमेरिकेतल्या रांगा उत्तर-दक्षिण आहेत, त्यामुळे हिमयुगात झाडं दक्षिणेला सरकली, त्यांच्या किडीही सरकल्या, आणि सगळे परत आले. युरोपात आल्प्स आडवा पडलेला. कित्येक झाडं आणि त्यांच्या किडी तिथेच अडकून संपल्या, आणि वैरीच उरला नाही तिथे ताकीद देण्याचं कारणही उरलं नाही. तर्क देखणा आहे. खरा आहे की नाही हे ठरायचंय.

चहाची वेळ झाली होती, आणि पंचावन्न किलोमीटरांत चहा नाही हे एव्हाना मला पुरतं कळलं होतं. थर्मासमधला अर्धा अर्धा कप घेऊन आम्ही 'लिंकन वुड्स' नावाच्या पायवाटेवर गेलो. वाट विलक्षण सरळ आणि सपाट, डोंगरातल्या पायवाटेला न शोभणारी. थोडं चालल्यावर पायाखाली आडवी कुजकी लाकडं लागली. रेल्वेचे स्लीपर होते ते.

इथे माझ्या पिकाची गोष्ट सुरू होते. जेम्स हेन्री नावाच्या लाकूड व्यापाऱ्यानं 1892 च्या सुमारास लिंकनमध्ये बस्तान बसवलं, डोंगरात आपली खासगी रेल्वे नेली आणि दऱ्याच्या दऱ्या साफ केल्या. उरलेल्या फांद्या-पालापाचोळ्याचे ढीग वाळले, त्यांत इंजिनाच्या ठिणग्या आणि विजा पडल्या, आणि 1903 व 1907 मध्ये भयंकर वणवे लागले. आज पोस्टकार्डावर असलेले हेच डोंगर तेव्हा काळेठिक्कर होते. त्यांना वाचवायला जी माणसं उभी राहिली त्यांत निसर्गप्रेमी होते, हॉटेलवाले होते आणि गिरणीवालेही होते. मेरिमॅकचं पाणी या डोंगरांतून येतं. रान गेल्यावर नदीला कधी पूर, कधी ठणठणाट, आणि खाली मँचेस्टरच्या गिरण्यांची चाकं त्याच पाण्यावर. जॉन वीक्स हे काँग्रेसमध्ये मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी, पण जन्मानं याच डोंगरांतले. त्यांच्या नावाचा कायदा 1911 मध्ये झाला आणि नद्यांच्या उगमाकडची जमीन सरकारनं विकत घ्यायला सुरुवात केली. 1918 मध्ये व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन अस्तित्वात आलं. आज ते सुमारे आठ लाख एकरांचं आहे. आपल्याकडे गिरण्यांनी रान वाचवल्याचं उदाहरण मला आठवत नाही.

वणव्याची खूण अजून दिसते. उतारावर मध्येच पांढऱ्या खोडांचे, पिवळ्या पानांचे पट्टे असतात, ते पेपर बर्च. जळलेल्या, उघड्या जमिनीवर सर्वांत आधी येणाऱ्या झाडांपैकी हे एक. सावलीत त्याचं रोप वाढत नाही, त्यामुळे सगळी झाडं एका वयाची. छायाचित्रकार ज्या पांढऱ्या खोडांसाठी जीव टाकतात त्यांतली पुष्कळशी त्या जुन्या राखेतून उगवलेली आहेत.

लिंकनच्या थोडं अलीकडे हबर्ड ब्रुक नावाचं प्रायोगिक वन आहे. आम्ही तिथे थांबलो नाही, पण त्याचा उल्लेख टाळता येत नाही. 1960 च्या दशकात जीन लायकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या पावसाचं पाणी तपासलं आणि ते कमालीचं आम्ल निघालं. दूरच्या वीज केंद्रांचा आणि कारखान्यांचा धूर वाऱ्याबरोबर येत होता. आम्लाच्या पावसानं मातीतला चुना धुऊन नेला आणि शुगर मेपल खंगू लागले. 1999 मध्ये संशोधकांनी हेलिकॉप्टरनं एका ओढ्याच्या अख्ख्या पाणलोटावर कॅल्शियमयुक्त खनिज टाकलं, आणि तिथले मेपल पुन्हा तरारले. तेव्हा या रंगाला आजारही होतो आणि औषधही लागतं.

रविवारी पहाटे पुन्हा कँकवरूनच परत फिरलो. भाच्याचा हा हट्ट बरोबर ठरला, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात आदल्या दुपारचा डोंगर ओळखू येत नव्हता. मग पश्चिमेला, कनेटिकट नदीपर्यंत. नदीच्या अलीकडे न्यू हॅम्पशर, पलीकडे व्हरमाँट, आणि मध्ये 1866 चा, 137 मीटर लांबीचा, छप्पर असलेला लाकडी पूल. कॉर्निश गावातून पुलाच्या अंधारात शिरायचं आणि विंडसर गावात उजेडात यायचं. पुलाला छप्पर कशाला, तर आतल्या लाकडी सांगाड्याला. उघडा लाकडी पूल वीसेक वर्षांत कुजतो. छप्पर घातलेला शंभर वर्षं सहज काढतो. घोडे पळवाल तर दोन डॉलर दंड, असा जुना फलक वर अजून आहे.

विंडसरच्या दक्षिणेला वेदर्सफील्ड. दिसायला काही नाही. नदी, चार घरं, भोपळ्यांचे ढीग. पण व्हरमाँटचं रान कसं गेलं हे इथून समजतं. विल्यम जार्व्हिस हा लिस्बनमधला अमेरिकेचा वाणिज्यदूत. मरिनो मेंढ्या देशाबाहेर जाऊ न देण्याचा स्पेनचा जुना कडक नियम होता. नेपोलियनच्या स्वारीत ती व्यवस्था कोलमडली आणि जार्व्हिसनं संधी साधून हजारो मेंढ्या अमेरिकेला धाडल्या. त्यांतला एक कळप त्यानं 1811 मध्ये वेदर्सफील्डला आणला. पुढच्या तीस वर्षांत व्हरमाँट मेंढ्यांनी झपाटलं. 1840 मध्ये राज्यात माणसं तीन लाखांच्या आत होती आणि मेंढ्या सुमारे सतरा लाख. मेंढीला कुरण हवं, कुरणासाठी झाड जायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हरमाँटचा ढोबळ मानानं तीन चतुर्थांश भाग उघडाबोडका होता. त्या काळी कोणी 'रंग बघायला जाऊ' म्हणालं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. रंगायला झाडंच नव्हती.

ही जमीन मुळात शेतीची नाहीच. हिमयुगातल्या बर्फानं तिच्यात दगडच दगड भरून ठेवले आहेत, आणि दर हिवाळ्यात गोठण्या-वितळण्यानं नवे दगड वर येतात. शेतकरी ते उचलून बांधावर रचत गेले, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आपल्या कोकणात यालाच गडगा म्हणतात. कोकणात जांभा, इथे कठीण खडक, एवढाच फरक. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट थॉर्सन यांच्या अंदाजानं त्या भागात एके काळी सुमारे 2,40,000 मैल लांबीचे गडगे होते. पृथ्वीपासून चंद्र साधारण तेवढाच दूर आहे.

मग इअरी कालवा 1825 मध्ये उघडला, त्यापाठोपाठ रेल्वे आली आणि पश्चिमेकडची काळीभोर, बिनदगडाची जमीन हाताशी आली. तिकडची लोकर स्वस्त पडू लागली. लोकरीचे भाव कोसळले, तरुण पोरं निघून गेली, आणि कुरणं ओस पडली. ओस कुरणात आधी व्हाइट पाइन उगवला. पन्नासेक वर्षांनी तो तयार झाला तेव्हा त्याचीही तोड झाली, खोकी आणि पेट्या बनवायला. त्यातून उरलेला पुष्कळसा 21 सप्टेंबर 1938 च्या महावादळानं झोपवला. पाइनच्या सावलीत वाट बघत असलेली रोपं होती मेपल, ओक, बीच यांची. पाइन गेला आणि ती उठली. आज आपण बघतो ते रंग मुख्यतः या रोपांचे. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टच्या संग्रहालयात हा सगळा क्रम छोट्या त्रिमित देखाव्यांतून मांडला आहे, एकच माळ वेगवेगळ्या वर्षांत. लहान मुलं बरोबर असतील तर जरूर न्या.

आज व्हरमाँटचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे. आकडे जवळजवळ उलटे झाले. लोकर हे पहिलं पीक, लाकूड दुसरं, आणि तिसरं हे रंगाचं, जे कोणी पेरलं नाही.

अगदीच कोणी पेरलं नाही असंही नाही. वुडस्टॉक गावाशी थांबलो. जॉर्ज पर्किन्स मार्श यांचा जन्म इथला, 1801 चा. घरामागचा बोडका डोंगर आणि गढूळ नदी बघत ते वाढले, पुढे तुर्कस्तानात आणि इटलीत अमेरिकेचे राजदूत झाले, आणि भूमध्य समुद्राकाठचे झिजलेले डोंगर बघून त्यांना आपलं गाव आठवलं. 1864 चं त्यांचं 'मॅन अँड नेचर' हे पुस्तक म्हणजे आधुनिक पर्यावरणविचाराचा पाया. कॅलिफोर्नियात वकिली करून श्रीमंत झालेल्या आणि पुढे रेल्वे कंपनीचे अध्यक्ष झालेल्या फ्रेडरिक बिलिंग्ज यांनी 1869 मध्ये मार्श यांचीच वास्तू आणि जमीन घेतली आणि उघड्या उतारांवर झाडं लावली. आता तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, आणि रेल्वेवाल्यानं लावलेले स्प्रूस बघत निवांत चालता येतं.

तिसऱ्या पिकाची राखण व्हरमाँटनं लवकर सुरू केली. 1968 मध्ये कायदा करून राज्यातले रस्त्यांकडेचे जाहिरातफलक काढायला लावले. दिवसभर फिरताना डोळ्यांना काहीतरी हलकं हलकं वाटत होतं. ते या कायद्यामुळे, हे संध्याकाळी लक्षात आलं. पण पीक आलं की टोळधाडही येते. वुडस्टॉकजवळच्या पॉमफ्रेट गावात क्लाउडलँड रोड नावाचा एक चिंचोळा मातीचा रस्ता आहे. तिथल्या एका खासगी शेताचे फोटो समाजमाध्यमांवर इतके गाजले की लोक फाटक ओलांडून आत जाऊ लागले, रस्त्यात गाड्या लावून कपडे बदलू लागले, रुग्णवाहिकेलाही वाट उरेना. 2023 च्या हंगामात गावानं तो रस्ता बाहेरच्यांसाठी बंद केला. मला हा निर्णय शंभर टक्के पटला. भाचा मात्र थोडा हिरमुसला होता. त्याच्या यादीत तो रस्ता होता.

परतताना एका शेतावर मेपलच्या पाकाचा डबा घेतला. चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक होतो, म्हणून किमतीवर कुरकुर केली नाही. रस निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं सुरू झालं की. पण त्यातली साखर मागच्या उन्हाळ्यात पानांनी बनवून खोडात साठवलेली असते. लाल पानात अडकून राहिली ती शिलकीतली चिल्लर. मोठी रक्कम कधीच बँकेत गेलेली.

जाणार असाल तर तीन गोष्टी. कँकवर चढण्याआधी लिंकनमध्ये किंवा कॉनवेत टाकी आणि थर्मास दोन्ही भरून घ्या. खोली ठरवायची तर उन्हाळ्यातच ठरवा, आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार धरा. आणि व्हरमाँटमध्ये फोटो काढून झाला की, जिथे परवानगी असेल तिथे, रस्ता सोडून झाडीत वीस पावलं आत जा. पाचोळ्याखाली गुडघाभर उंचीचा, शेवाळलेला गडगा बहुधा सापडेल. त्याच्या दोन्ही बाजूंना आता सारखंच रान आहे.